सेकंदाला बारा चित्रं

१

आमच्या इमारतीत मला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. खालचा पहारेकरी तर तोंडावरच म्हणतो, "काकू, तुम्ही असताना जिन्यात कॅमेरे कशाला बसवले हो?" मला राग येत नाही. एकटीच्या घरात दिवस फार लांब असतो. हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा रविवारी फोन करतो, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, चल ठेवतो. मग उरलेले सहा दिवस माणसाने बघायचं तरी कुठे?

मी शिवणकाम करते. नवीन कपडे नाही, दुरुस्ती. चेन बदलायची, पँटची उंची कमी करायची, बारीक झालेल्यांचे कपडे आत घ्यायचे आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा उसवून द्यायचे. मशीन दहाला सुरू होतं, एकला बंद. बेल वाजली की मशीनवरून उठता उठता मी ओरडते, "आले गं, आले!" मग दारात कुणी का असेना. पोस्टमनने एकदा विचारलं, "काकू, मी 'गं' कधीपासून?" जिभेची सवय आहे, त्याला मी तरी काय करू?

शेजारचं घर बरीच वर्षं रिकामं होतं. मार्चमध्ये तिथे एक मुलगी भाड्याने राहायला आली. पस्तिशीची असेल, पण मला मुलगीच वाटली. सामान म्हणावं तर दिवे, तिवया, लाकडाच्या फळ्या. गादी एकच. मी दाराच्या भोकातून सगळं मोजून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तिनेच बेल वाजवली.

"आले गं, आले!"

"मी आलेय हे तुम्हाला कसं कळलं?" ती हसली. मग जरा ओशाळून म्हणाली, "काकू, तुमचं मशीन किती ते किती चालतं?"

"भांडायला आलीस का?"

"नाही हो! त्याने माझी फरशी हलते. केसभर जरी हलली तरी माझं दिवसाचं काम वाया जातं. वेळ कळली तर मी त्यानंतर काम करीन."

केसभर हललं की वाया जाणारं काम कसलं असतं, हे बघितल्याशिवाय मला झोप येणार होती थोडीच?

२

ती बाहुल्यांचे सिनेमे करायची.

खिडक्यांना काळे पडदे. मधोमध टेबल, खिळे ठोकून पक्कं केलेलं. टेबलावर लाकडाच्या पातळ फळीचं घर, एका बाजूने उघडं. त्यात हातभर उंचीच्या खोल्या आणि वीतभर उंचीची माणसं. माणसांच्या आत तारेचे सांगाडे, वर कापूस, वर कातडीसारखं काहीतरी. एका डबीत नुसती तोंडं होती. हसणारी, मिटलेली, ओरडणारी, नखाएवढी तोंडं, बटणांसारखी रांगेत लावलेली.

तिने काम दाखवलं. बाहुलीचा हात केसभर उचलायचा, मागे सरायचं, बटण दाबून फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की सिनेमात एक सेकंद.

"दिवसाला किती होतं?"

"चांगला दिवस असला तर चार सेकंद."

"अगं बाई. माझी चेन तेवढ्यात वीस वेळा बदलून होईल."

"म्हणून तर कुणी हात लावायचा नाही, काकू. दोन फोटोंच्या मध्ये बाहुली जरा जरी हलली, तरी पडद्यावर ती उडी मारते. माणसाला लगेच कळतं की मध्ये काहीतरी घडलं आणि ते आपल्याला दाखवलं नाही."

हे ती सहज बोलली. पण मी ते घरी घेऊन आले.

३

मला वाटलं होतं, कार्टून म्हणजे पोराटोरांचं. तिने आपला जुना सिनेमा कॉम्प्युटरवर लावला. सात मिनिटांचा. एक मुलगा रोज आईसमोर जेवायला बसतो आणि रोज आईचा चेहरा थोडा लहान होतो. शेवटी चेहऱ्याच्या जागी नुसतं गुळगुळीत काहीतरी उरतं, तरी ते मुलाला घास भरवत राहतं. माझा चहा अर्धाच राहिला.

"हे कुठल्या मुलांना दाखवतेस गं?"

"मुलांना नाही. मोठ्यांना. लहानपणी ज्यांना कुणी काही विचारलं नाही, अशा मोठ्यांना."

"तुझं झालं होतं का असं काही?"

"सगळे हेच विचारतात. माझं लहानपण एकदम छान गेलं, काकू. वडील रोज गोष्ट सांगायचे. मला फक्त दुसऱ्यांचं दिसतं."

नवीन सिनेमा तिला इथे आल्यावरच सुचला होता. तिच्या आतल्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे, माझ्या आतल्या खोलीला लागून. साफ करताना तिला दिसलं की कपाटाच्या आतल्या बाजूला, खाली, गुडघ्याच्या उंचीवर रंग घासून गेला आहे. हाताच्या पंज्याएवढाच. "आत बसून कुणीतरी रोज वाजवल्यासारखा," ती म्हणाली. तेवढ्यावरून तिने गोष्ट रचली. कपाटात कोंडलेली मुलगी. आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला एक शेजारीण, भिंतीला पेला लावून, पेल्याला कान लावून उभी.

"शेजारीण कशाला?" मी विचारलं.

"कुणीतरी ऐकलंच असेल ना?"

मग तिने मला मुलीच्या बाहुलीचा फ्रॉक शिवायला दिला. कसाही चालेल, रंग तुमच्या आवडीचा, म्हणाली. मी घरी येऊन चिंध्यांच्या पिशवीत हात घातला आणि निळा तुकडा काढला. पांढरी कॉलर लावली, डाव्या बाजूला खिसा. टाचून झाल्यावर उजेडात धरला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी कुणाचा फ्रॉक शिवला होता.

४

आता हे कुणाला सांगितलेलं नाही ते लिहिते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शेजारी एक कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी. माणूस अतिशय सभ्य. जिन्यात भेटला की बाजूला सरून वाट द्यायचा. मुलीचा निळा फ्रॉक असायचा, पांढऱ्या कॉलरचा, आणि ती कुणाशी बोलायची नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीतून आवाज यायचा. टक टक टक. थोडं थांबून, टक टक. रोज नाही, पण पुष्कळदा. मी भिंतीला पेला लावून ऐकलं आहे. वाजवणं थांबलं की श्वास ऐकू यायचा, अगदी जवळ. मी एकदाही उलटं वाजवलं नाही.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायला आलीस का या घरात?" ह्यांना सांगितलं तर ह्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. मी एकवीस वर्षांची होते. दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर. बेल वाजवून साखर मागायचं निमित्त मला सुचलं नसेल का? सुचलं होतं. वाटी हातात घेऊन एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलेही होते.

वर्षभराने ते घर सोडून गेले. खाली ट्रक आला होता. मी खिडकीतून बघत होते. तो बसला, बायको बसली, सामान चढलं, ट्रक गेला. मुलगी बसताना मला दिसली नाही. पण मध्ये दूध उतू जाईल म्हणून मी आत गेले होते. तेवढ्यात बसली असेल. असेलच. एकतीस वर्षं मी स्वतःला हेच सांगते, की दूध उतू जात होतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या घरात नाक खुपसते.

५

मे महिन्यात तिला दोन दिवस बाहेर जायचं होतं. कुरिअर आलं तर घ्या म्हणून तिने किल्ली माझ्याकडे दिली. "फक्त टेबलाला हात नका लावू हं, काकू."

"मी काय लहान आहे का?"

कुरिअर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच गेले.

पडद्यांमुळे आत संध्याकाळ झाल्यासारखं होतं. लहान दिवा लावला. टेबलावरच्या घरात शेजारणीची बाहुली भिंतीकडे तोंड करून उभी होती, हातात शिवताना बोटात घालायच्या टोपणाएवढा पेला. अंगात राखाडी स्वेटर, मीच शिवलेला, माझ्याच जुन्या स्वेटरचा. पाठीवरून ती कशी दिसते ते बघून मला जरा हसू आलं आणि मग नाही आलं.

भिंतीच्या पलीकडे छोटं कपाट. त्याला बाहेरून कडी, तारेची, तांदळाच्या दाण्याएवढी. कडी लावलेली होती.

आता माणूस म्हणेल, लाकूड आणि कापूस तो, त्याला काय कळतंय. मीही तेच म्हटलं. दाराकडे चालायलाही लागले. पण दोन दिवस ती बाहुली अंधारात कडी लावून बसलेली होती, तोंड भिंतीकडे करून, मी शिवलेल्या फ्रॉकमध्ये. मी परत फिरले, नखाने कडी काढली आणि तिला उचलून बाहेर घेतलं. तळहातावर धरलं. कॉलर वाकडी झाली होती, ती नीट केली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मी दचकले. कपाटाचं दार इतकं लहान की घाईत ती परत आत जाईना. हात जिथे पोहोचला तिथे मी तिला ठेवलं, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, शेजारणीच्या खोलीत, मागच्या कोपऱ्यात. दिवा बंद केला आणि निघाले.

पावलं वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची होती. परत आत जाऊन सगळं ठीक करता आलं असतं. पण मी गेले नाही.

६

ती परत आली. किल्ली घेऊन गेली. काही बोलली नाही. मला वाटलं, नशीब.

चौथ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पाय पसरून पडले होते. मशीन बंद, पंखा हळू. तीन वाजले असतील.

टक टक टक. टक टक.

मी उठून बसले. मग स्वतःलाच म्हटलं, अगं, सिनेमाला आवाजही लागतो ना? ती कपाट वाजवून आवाज भरून घेत असेल. याहून सरळ काय असणार? तरी स्वयंपाकघरातून पेला आणला, भिंतीला लावला, कान लावला. पलीकडे काहीच नाही. पेला काढला की मात्र टक टक टक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीन आणि दोन. तीन आणि दोन हे मी तिला कधी सांगितलं होतं? आठवून आठवून डोकं दुखलं. सांगितलं असेल बोलण्याच्या ओघात. मी बोलतेही फार.

७

पुढच्या आठवड्यात तिने मला बोलावलं. चेहरा उतरलेला होता.

"काकू, मी नसताना आत आला होतात?"

"मी? छे गं."

तिने कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. छोटं कपाट उघडं, आणि बाहुलीभोवती एक मोठा हात. करंगळीवर सुईचा जुना व्रण. माझा हात.

मी मान खाली घातली. "चुकलं माझं. राहवलं नाही."

"त्याचं काही नाही. पण हा फोटो कुणी काढला? बटण दाबल्याशिवाय फोटो निघत नाही. बटण खोलीच्या त्या टोकाला आहे."

मी माझी करंगळी उलटसुलट करून बघितली.

"आणि याच्यानंतर आणखी सत्तेचाळीस आहेत. मी काढलेले नाहीत." तिने ते एकापाठोपाठ एक चालवले. चार सेकंद. शेजारीण पेला लावून भिंतीकडे उभी. मागच्या कोपऱ्यातून निळ्या फ्रॉकमधली बाहुली निघते, एक पाय, दुसरा पाय. शेजारणीच्या मागे येऊन उभी राहते. हात उचलते. तिच्या पाठीवर वाजवते, तीनदा, थांबून दोनदा. शेजारीण भिंतच ऐकत राहते.

"इतकं सफाईदार मला नाही जमत, काकू," ती हळूच म्हणाली. "कुठे उडी नाही. काहीच लपवलेलं नाही."

तिने कॉम्प्युटर बंद केला. मग ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. तुम्ही दुपारी भिंतीवर का वाजवता?"

"मी?"

"तीन वाजता. आधी तीन, मग दोन. मी कपाटात शिरून, कान लावून ऐकलंय. तुमच्या बाजूने येतं."

"अगं, मला वाटलं तूच वाजवतेस."

एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी कान लावून उभ्या होतो, आणि वाजवत कुणीच नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. वाटी, रेडिओ, ट्रक, दूध. शेवटी ती फक्त म्हणाली, "म्हणजे ती आता तुमच्याकडे आहे."

"काहीतरी बोलू नकोस."

पण घरी आल्यावर मी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले. आवाज येईपर्यंत बसले. तेव्हा कळलं. भिंतीला कान लावला की आवाज मागून यायचा, आणि भिंतीला पाठ लावली तरी तो मागूनच येत होता.

८

"एकच दृश्य राहिलंय," ती म्हणाली. "शेजारीण वळून बघते. दोन सेकंद. पाच दिवस झाले, मी तिला वळवते, सकाळी येऊन बघते तर पुन्हा भिंतीकडे तोंड. माझ्या हाताने होत नाही. तुम्ही करता?"

"माझा हात थरथरतो."

"शिवताना थरथरतो का?"

नाही थरथरत. मी टेबलापुढे उभी राहिले. ती बटणापाशी. शेजारणीच्या खांद्याला मी दोन बोटांनी धरलं, सुई धरते तशी, आणि केसभर फिरवलं.

"एक," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

पुन्हा केसभर. दोन. बाहुली जड लागत होती, ओल्या कपड्यासारखी. सहाव्या फोटोला तिच्या हातातला पेला भिंतीपासून सुटला. बाराव्याला तिचा गाल दिसायला लागला. मी खरं तर तिच्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे दाराची चौकट होती आणि तिथून गार काहीतरी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं. दार मीच लोटून घेतलं होतं.

अठरा. एकोणीस.

वीस आलंच नाही. मी वर बघितलं. ती बटणावर बोट ठेवून माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"काकू, मागे बघू नका."

माझ्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, वाजलं. लहान बोटाच्या हाडाचं. तीनदा.

मला एकवीस वर्षांची मी दिसले, रिकामी वाटी हातात धरून चार पावलं परत जाणारी. थांबून, दोनदा वाजलं.

जिभेला सवय आहे म्हणून असेल, पण मी म्हटलं, "आले गं, आले."

आणि वळले.

पांढरी कॉलर होती. वाकडी. माझा हात ती नीट करायला पुढे गेला. बोटाला कापड लागलं, माझ्या मशीनची टीप लागली, तीच बारीक टीप, पण मोठ्या मापावर. त्याच्या वर मी बघितलं नाही. बघितलं असेल तर मला आठवत नाही.

९

ती मुलगी अजून शेजारीच राहते. सिनेमा वळण्यापाशी संपतो. शेजारीण वळते आणि मागे कुणी नसतं, कारण निळ्या फ्रॉकमधली बाहुली त्यानंतर आम्हाला सापडलीच नाही. टेबलाखाली शोधली, पडद्यांमागे शोधली, तोंडांच्या डबीतसुद्धा शोधली. दाराशी काय दिसलं ते मी तिला विचारलं नाही. मला ओळखणाऱ्या कुणाचा यावर विश्वास बसणार नाही.

भिंत गप्प आहे. दुपारी तीन वाजता मी कान देऊन बसते, तर माझ्याच घड्याळाचा आवाज. माझ्या आतल्या खोलीतल्या कपाटाचं दार मी उघडं ठेवते. परवा बाजारातून निळं कापड आणलं, दीड मीटर. दुकानदाराने विचारलं, "नात आली का, काकू?" मी म्हटलं, "पाहुणी." एरवी मी त्याला अर्धा तास तपशील सांगितला असता.

काल दुपारी मी त्या कापडाला काजं करत बसले होते. बेल वाजली. सुई कापडातून ओढून घेते, तोंड उघडते, तोच आतल्या खोलीतून आवाज आला. माझाच हेल, फक्त बारीक गळ्यात.

"आले गं, आले!"

मग लहान पावलं माझ्या खुर्चीमागून दाराकडे पळत गेली. दारापाशी थांबली. दार कडीच्या बरंच खाली हलल्यासारखं झालं, पण कडी सरकली नाही.

"काकू?" बाहेरून शेजारची मुलगी म्हणाली. "कोण आहे आत?"

मी सुई तशीच धरून बसले होते. दाराची कडी वर आहे. तो लहान हात तिथपर्यंत पोहोचत नाही.

कापड बाजूला ठेवून मी उठले.